रिचमंडचे वीस दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

1861 ते 1865 या काळात मुंबईत कापसाचे भाव असे कडाडले की व्यापाऱ्यांची चांदी झाली. कारण सातासमुद्रापार होतं. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत यादवी पेटली होती, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखून धरली होती आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता. त्या बंद बंदरांच्या आत बायका कशा दिवस काढत होत्या, ते आज सांगते.

मिठापासूनच अडत होतं. मीठ नाही, तर वर्षाचं मांस खारवायचं कशात? मग मांसाला धुरी द्यायच्या खोलीतली जमीन खणायची. खारवलेल्या मांसातून वर्षानुवर्षं ठिबकलेलं मीठ तिथे मुरलेलं असे. ती माती पाण्यात कालवायची, गाळायची, पाणी आटवायचं. कॉफीऐवजी भाजलेलं रताळं, नाहीतर भेंडीचं बी. ही भेंडी मुळात गुलामांच्या व्यापाराबरोबर आफ्रिकेतून तिथे पोचलेली.

रिचमंड ही दक्षिणेची राजधानी. कर्ते पुरुष आघाडीवर, निर्वासितांनी शहर फुगलेलं, कागदी नोटांची किंमत घसरत चाललेली. जेम्स नदीतल्या ब्राउन्स आयलंडवर काडतुसांचा कारखाना होता, तिथे गरिबाघरच्या मुली कामाला जात. काही तर परकरी वयाच्या. 13 मार्च 1863 ला एकीने फळीत अडकलेली दारूची नळी सुटावी म्हणून फळी बाकावर आपटली आणि स्फोट झाला. चाळीसहून जास्त जीव गेले, बहुतेक मुलीच.

त्यानंतर विसाव्या दिवशी, 2 एप्रिलला, शहरातल्या बायका गव्हर्नर लेचरकडे गाऱ्हाणं घेऊन गेल्या. हाती काही लागलं नाही. मग कुऱ्हाडी, सुरे घेऊन बाजारात शिरल्या आणि पीठ, मांस उचललं. जोडे आणि दागिनेही गेले, ते का लपवायचं? दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस गाडीवर चढले, खिशातली नाणी गर्दीत फेकली आणि घड्याळ काढून म्हणाले, पाच मिनिटांत पांगा, नाहीतर गोळीबार होईल. बायका पांगल्या. ही बातमी छापू नका, अशी गळ सरकारने वर्तमानपत्रांना घातली. पोटाची आग खिशातल्या चिल्लरीने विझेल असं त्या गृहस्थांना खरंच वाटलं असेल का, कोण जाणे.

आता गुलामगिरीत जन्मलेल्या बायका. त्यांच्यासाठी हीच लढाई सुटकेची वाट होती. जॉर्जियाची सूझी किंग टेलर लपूनछपून लिहा-वाचायला शिकलेली. चौदाव्या वर्षी ती उत्तरेच्या कृष्णवर्णीय पलटणीत आली. नावाला धोबीण, पण जखमींची शुश्रूषा करी, बंदुका साफ करी, सैनिकांना अक्षरं शिकवी. चार वर्षांवर काम केलं, पगार एक डॉलरही नाही.

आणि हॅरिएट टबमन. जून 1863 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या काँबाही नदीवरच्या मोहिमेत तिने उत्तरेच्या सैन्याला वाट दाखवली. सातशेहून अधिक गुलाम सुटले. पुढे ती तीस-पस्तीस वर्षं पेन्शनसाठी सरकारदरबारी खेटे घालत राहिली. सैनिकाची विधवा म्हणून महिना आठ डॉलर मिळाले. 1899 मध्ये त्याचे वीस झाले, तेही परिचारिका म्हणून केलेल्या सेवेबद्दल. काँबाहीच्या त्या रात्रीचे पैसे त्यात धरलेले नव्हते.

नमस्कार.