साट्याची चंद्रकोर

पहाटेचे पाच वाजले आहेत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ज्या घरात आम्ही कॅमेरा घेऊन आलो आहोत, तिथे फक्त स्वयंपाकघरातला दिवा लागलेला आहे आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेले मैद्याचे पातेले नुकतेच ओट्यावर आले आहे. आज घरातल्या दोन मुलांच्या डब्यात पोळी-भाजी नाही. आत सॉसेजचे सारण भरलेले, चंद्रकोरीच्या आकाराचे पावाचे रोल जाणार आहेत. रोल करणाऱ्या आजी सत्तरीच्या आहेत, त्यांच्या हाताखाली त्यांची सून आहे, आणि हा पदार्थ या घरात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली आहेत. तरीही आजींचा हात लाटण्यावर ज्या सहजतेने फिरतो, तो पाहिल्यावर त्या काही नवीन करत आहेत असे वाटत नाही. आणि खरोखरच, या कृतीतले बहुतेक सगळे त्यांना आधीपासून येत होते.

या रोलचे मूळ गाव मात्र फार दूर आहे. ऑस्ट्रियात, विशेषतः व्हिएन्नात, किप्फेर्ल नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव शतकानुशतके खाल्ला जातो. १६८३ मध्ये तुर्कांचा व्हिएन्नाभोवतीचा वेढा उठला आणि त्या विजयाची खूण म्हणून तिथल्या पाववाल्यांनी हा आकार घडवला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. पण त्या काळातला एकही पुरावा तिच्या पाठीशी नाही, आणि किप्फेर्लचे उल्लेख तर वेढ्याच्या कितीतरी आधीचे आहेत. १८३० च्या दशकाच्या अखेरीस ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथून ही चंद्रकोर फ्रेंचांच्या हाती गेली आणि पुढे लोण्याचे पदर सुटणारे क्रोसाँ तयार झाले. अमेरिकेत तिला निराळेच वळण लागले. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात लाइव्हली विलोबी यांनी कच्चे पीठ बंद डब्यात भरून थंड ठेवण्याची युक्ती शोधली, तिचे पेटंट त्यांना १९३१ मध्ये मिळाले, आणि १९६५ मध्ये पिल्सबरी कंपनीने चंद्रकोरी रोलचे तयार पीठ अशा डब्यातून बाजारात आणले. डबा फोडायचा, त्रिकोणी तुकडे सुटे करायचे, परतलेले सॉसेज आणि क्रीम चीज भरून गुंडाळायचे आणि ओव्हनमध्ये सरकवायचे, अशी सुट्टीच्या दिवसाची न्याहारी अमेरिकेतल्या कितीतरी घरांत होते.

या घरात तो डबा कधी आलाच नाही. पुण्यात शिकायला असलेल्या नातीने फोनवर कृती सांगितली, तेव्हा आजींनी मधेच थांबवून एकच प्रश्न विचारला होता, "म्हणजे साट्याच्या करंजीसारखेच ना गं हे?" त्या प्रश्नातच या रोलचे मर्म आले आहे.

ज्या घरांत दिवाळीला पदर सुटणाऱ्या करंज्या किंवा चिरोटे होतात, तिथे साटा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तूप हाताने फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर मिसळायचे, ते लाटलेल्या पोळीवर पातळ फासायचे, वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, वर तिसरी पोळी, मग घट्ट गुंडाळी करून तिचे तुकडे पाडायचे. पिठाचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे स्निग्धाचा पडदा ठेवायचा, हेच तत्त्व क्रोसाँमध्ये आहे, चहाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या बेकरीच्या खारीत आहे आणि या रोलमध्येही आहे. फरक आहे तो स्निग्ध पदार्थाचा. तुपात पाणी नसते, लोणी कढवताना ते उडून गेलेले असते. बाजारात मिळणाऱ्या बटरमध्ये मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते. भट्टीच्या उष्णतेने त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ वरचा थर उचलून धरते. म्हणून तूप लावलेले रोल खुसखुशीत होतात पण जड राहतात, आणि बटर लावलेले रोल हलके होतात. घरच्या ताज्या लोण्यात ताकाचा अंश कमी-जास्त राहतो, त्यामुळे ते इथे वापरू नये, असे आजींचे ठाम मत आहे, आणि दोन्ही प्रकारचे रोल खाऊन पाहिल्यावर आम्हालाही ते पटले आहे.

पीठ आदल्या रात्री भिजवलेले आहे. ३०० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, एक लहान चमचा मीठ, ३० ग्रॅम बटर आणि सुमारे १७० मिलिलिटर कोमट दूध, एवढ्यातून १६ रोल होतात. हे पीठ परातीत दहा मिनिटे तरी चांगले मळावे लागते. सुरुवातीला ते बोटांना चिकटते, मग हळूहळू परात सोडते आणि शेवटी ताणले तर फाटत नाही. पुरणपोळीची कणीक तिंबणाऱ्या हाताला ही अवस्था लगेच कळते. पीठ फुगून जवळजवळ दुप्पट झाले की ते थोडे दाबून, झाकून फ्रीजमध्ये जाते. रात्रभराच्या थंडाव्यात यीस्टचे काम मंदावते पण थांबत नाही, आणि पिठाला साध्या पावात न मिळणारी चव येते. सांगलीत पीठ किती वेळात फुगेल हे महिन्यावर ठरते. मे महिन्यात पाऊण तासात पातेल्याचे झाकण उचलले जाते, तर डिसेंबरात त्याला दीड-दोन तास द्यावे लागतात, म्हणून घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे.

सारणही रात्रीच तयार झालेले आहे. सांगलीच्या दुकानांत गोठवलेली चिकन सॉसेज मिळतात आणि ती चालतात, फक्त पाकीट नीट पाहून घ्यावे लागते. काही सॉसेज आधीच शिजवलेली असतात, काही कच्ची असतात आणि ती पूर्ण शिजवूनच वापरावी लागतात. एकदा आम्ही एका दुकानातून आणलेल्या पाकिटात बर्फाचा चुरा भरलेला होता आणि आतली सॉसेज स्पंजासारखी भुसभुशीत झाली होती. माल मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठला की असे होते, आणि असे पाकीट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

आजी पाकीट आणतच नाहीत. सॉसेज या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला खारवलेला या अर्थाचा शब्द आहे, आणि मीठ हाच सॉसेजचा आत्मा आहे. पाव किलो चिकनचा बारीक खिमा, अर्धा लहान चमचा मीठ, ठेचलेली लसूण, भरडलेली काळी मिरी आणि एक चमचा कांदा-लसूण मसाला एवढेच आजी घेतात. मसाल्यात मीठ असतेच, म्हणून वरचे मीठ बेताने. अमेरिकेतल्या न्याहारीच्या सॉसेजमध्ये सेज नावाचा सुगंधी पाला असतो. त्याच्या जागी सातारा-सांगलीच्या प्रत्येक घरात बरणीभर असणारा हा मसाला येतो, आणि तो या पदार्थात उपरा वाटत नाही. खिमा थंडगार असतानाच तो मीठ घालून तीन-चार मिनिटे हाताने मळतात. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटतात, खिमा चिकट होत जातो आणि हात उलटा केला तरी तळव्यावरून पडत नाही. इथे कॅमेरा जवळ नेला आहे तो यासाठीच, कारण मोकळा खिमा आणि सॉसेज यांतला फरक याच टप्प्यावर पडतो. मग तव्यावर थोड्या तेलात तो मोठे तुकडे ठेवत परतायचा, आतपर्यंत पूर्ण शिजेस्तोवर आणि सुटलेले पाणी पूर्ण आटेस्तोवर.

क्रीम चीजच्या जागी चक्का आहे. म्हशीच्या दुधाचे दही कापडात बांधून दिवसभर टांगले की श्रीखंडासाठी लागतो तसा घट्ट चक्का होतो. त्यातला १०० ग्रॅम चक्का, थोडे किसलेले चीज आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर गार झालेल्या सॉसेजमध्ये मिसळायचे. कॉर्नफ्लोअर विसरले तर भट्टीत चक्का पाणी सोडतो आणि रोलची खालची बाजू ओली राहते. शेजारच्या जैन कुटुंबासाठी आजी याच पिठात मटार-पनीर भरतात, त्या रोलचा ट्रे वेगळा असतो आणि तो आधी भाजला जातो.

आता पहाटेच्या कामाकडे येऊ. पिठाचे सहा उंडे झाले आहेत, म्हणजे तीन-तीनचे दोन संच. प्रत्येक उंड्याची छोटी पुरी लाटली जाते. ८० ग्रॅम मऊ बटरमध्ये चमचाभर मैदा फेसून केलेला साटा एका पुरीवर, वर दुसरी पुरी, पुन्हा साटा, वर तिसरी. कडांपासून बोटभर जागा कोरडी ठेवली आहे, नाहीतर लाटताना साटा बाहेर येतो. दोन्ही थप्प्या झाकून पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवल्या जातात, आणि हा पाऊण तास कोणीही कमी करू नये.

बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि सांगलीचा उन्हाळा त्याच्या पुढे सहज जातो. बेकऱ्या खारीसाठी जे घट्ट मार्जरीन वापरतात, त्याचा वितळण्याचा अंश बराच वरचा असतो, म्हणून ती भर दुपारीही लाटता येते. मागच्या एप्रिलमध्ये आम्ही हीच कृती दुपारी दोन वाजता आमच्या घरी करून पाहिली होती. तिसऱ्या लाटण्यालाच साटा पिठात मुरला, ट्रेमध्ये बटरचे तळे साचले आणि हाती आले ते तळल्यासारखे, पदर नसलेले पाव. साहित्यात आणि प्रमाणात काहीच चूक नव्हती, चूक वेळेची होती. साट्याच्या करंजीला उष्णतेचे एवढे भय नाही, कारण तिच्यातली पिठी तूप धरून ठेवते आणि ती यीस्टने फुगायची नसते. या रोलमध्ये आजींना नव्याने शिकावी लागलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे थंडावा. म्हणून या घरात रोल होतात ते पहाटे, खिडक्या उघड्या टाकून आणि पोळपाटाऐवजी ओट्याच्या गार कडप्प्यावर.

थप्पी बाहेर येते आणि मधून कडेकडे लाटत तिची ३० सेंटिमीटर व्यासाची पोळी होते. लाटणे दाबायचे नाही, फिरवायचे. करंजीच्या कातण्याने तिचे आठ त्रिकोण पडतात. सून प्रत्येक त्रिकोणाच्या रुंद बाजूला चमचाभर सारण ठेवते, दोन्ही कोपरे सारणावर दुमडते आणि टोकाच्या दिशेने गुंडाळत जाते. पहिल्याच रोलला आजी थांबवतात.

"अगं, सैल गुंडाळ. आत फुगायला जागा नको का?"

"आई, सैल केला की मागच्या वेळी सारण बाहेर आलं होतं."

"ते कोपरे दाबले नव्हतेस म्हणून. करंजीला मुरड घालतेस ना, तेवढंच दाब."

टोक खाली दाबून रोल ट्रेवर बसतो, दोन्ही शिंगे आत वळतात आणि चंद्रकोर तयार होते. टोक वर राहिले तर भट्टीत ती उलगडते. सोळांपैकी दहा चंद्रकोरी ओल्या फडक्याखाली चाळीस मिनिटे राहतात, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की त्या तयार झाल्या. मग वरून फेटलेल्या अंड्याचा हात फिरतो. अंडे चालत नसेल तिथे दूध चालते, रंग थोडा फिका येतो एवढेच.

पूर्वी या घरात ओव्हन नव्हता. दिवाळीच्या आधी आजी नानकटाईचे ट्रे घेऊन जवळच्या बेकरीत जात आणि पावांची भट्टी उतरती झाली की आपला नंबर येण्याची वाट पाहत बसत. विटांची ती भट्टी पावांसाठी रसरशीत तापवलेली असे. पाव निघाल्यावर ती हळूहळू निवत जाई, आणि नानकटाईला तीच निवती ऊब लागे. उष्णतेचा तो अंदाज आजींच्या हातात अजून आहे. ओव्हन पंधरा मिनिटे आधी १९० अंशांवर तापवला जातो, ट्रे मधल्या खणात जातो, आणि बाराव्या मिनिटाला आजी काचेतून पाहून ट्रेची दिशा बदलायला सांगतात, कारण या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते. साधारण १६ ते १८ मिनिटांत वरचा रंग खजुरी होतो. पण आजी वरच्या रंगावर विसंबत नाहीत. एक रोल सांडशीने उचलून त्याचा तळ पाहतात. तळ फिका असेल तर आतला पदर कच्चा आहे असे समजून आणखी दोन मिनिटे देतात.

सव्वासात वाजले आहेत. रोल जाळीवर निवत आहेत आणि धाकट्या नातवाने पहिला रोल मधोमध फोडला आहे. वरचे कवच तडकून त्याचे पापुद्रे ताटलीत पडतात, आतला पाव धाग्याधाग्याने सुटतो आणि मधोमध मसाल्याने तांबूस झालेले सॉसेज चक्क्यात बसलेले दिसते. डब्यासाठीचे रोल मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरले जातात, कारण गरम रोलची वाफ झाकणाखाली कोंडली की कवच नरम पडते. शिवाय आत मांस आणि चक्का आहे, आणि उन्हाळ्यात असा पदार्थ बाहेर फार वेळ टिकत नाही. त्यामुळे मार्चपासून पुढे हे रोल घरीच खाल्ले जातात, आणि थंडीच्या दिवसांतही ते मोठ्या सुट्टीसाठी न ठेवता छोट्या सुट्टीतच संपवायचे, असे मुलांना बजावून सांगितलेले आहे.

उरलेले सहा रोल आजींनी भाजलेलेच नाहीत. वळल्याबरोबर, फुगू न देता, ते ताटात सुटे ठेवून गोठवले आहेत आणि आता सून ते पिशवीत भरून वर तारीख लिहिते आहे. ज्या सकाळी खायचे असतील, त्याच्या आदल्या रात्री ते खालच्या कप्प्यात येतील, पहाटे तासभर बाहेर फुगतील आणि १९० अंशांच्या ओव्हनमध्ये जातील. रविवारी मुलांचे मामा मिरजेहून येणार आहेत. हे सहा त्यांच्यासाठी आहेत.