नोटिशीवरची पिवळी पट्टी

नमस्कार श्रोतेहो.

ऑगस्टातली गोष्ट. सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा फोन. "अगं, माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. वार्षिक सभेची नोटीस उघडली की वर पिवळी पट्टी येते, सिक्युरिटी वॉर्निंग म्हणून. मी काही केलेलं नाही हां!"

मी बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलंय, त्यामुळे "मी काही केलेलं नाही" हे वाक्य मला पाठ आहे. या वेळी मात्र ते अगदी खरं होतं. पट्टीवर काय लिहिलंय ते मी त्यांना वाचून दाखवायला सांगितलं. 'मॅक्रोज हॅव बीन डिसेबल्ड', आणि शेजारी 'एनेबल कंटेंट' असं बटण. म्हणजे वर्ड सांगत होतं की या फाइलमध्ये मॅक्रो आहे आणि तो मी चालू दिलेला नाही. काकांना वाटलं चोर घरात शिरला. खरं तर वॉचमननं त्याला फाटकावरच थांबवलं होतं, आणि इंटरकॉमवरून विचारत होता, वर पाठवू का?

आता हा मॅक्रो म्हणजे काय? फाइलच्या पोटात ठेवलेला छोटा प्रोग्रॅम. चाळीस पानांच्या अहवालात प्रत्येक तक्त्याला रेघा मारायच्या असतील, तर ते काम एकदा नोंदवून ठेवायचं आणि पुढे एका बटणावर करून घ्यायचं. सोय उत्तम. पण काही मॅक्रो असे लिहिता येतात की फाइल उघडली की ते आपोआप धावू लागतात. आपण समजतो कागद वाचतोय, आणि तो कागद मागे भलतंच काम करत असतो.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं १९९५ साली. 'कन्सेप्ट' नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलींतून पसरला, आणि पसरला तोही खुद्द मायक्रोसॉफ्टनं वाटलेल्या एका सीडीवरून. तो बिचारा निरुपद्रवीच होता. पडद्यावर एक छोटी चौकट यायची, तिच्यात फक्त '१' हा आकडा. पण वर्डच्या मूळ साच्यात, म्हणजे 'नॉर्मल' टेम्प्लेटमध्ये, तो जाऊन बसायचा आणि तिथून पुढच्या फाइलींना लागायचा. 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस'च्या १९९७च्या आवृत्तीत मॅक्रो असलेली फाइल उघडण्यापूर्वी विचारणारी चौकट आली. तरीही २६ मार्च १९९९ला 'मेलिसा' आलाच. ज्यानं फाइल उघडली त्याच्या आउटलुकमधल्या, म्हणजे ईमेलच्या प्रोग्रॅममधल्या, पहिल्या पन्नास पत्त्यांवर तो स्वतःला पाठवून द्यायचा. मजकूर असा, की तुम्ही मागितलेली फाइल सोबत आहे, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. ओळखीच्या माणसाकडून असं काही आल्यावर कोण थांबतो? आणि आत शिरल्यावर मेलिसा पहिल्यांदा वर्डची मॅक्रोसुरक्षाच खाली करून टाकायचा. तो लिहिणाऱ्या डेव्हिड स्मिथला अमेरिकेत वीस महिन्यांची कैद झाली.

पुढे वर्डनं मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, तशी भामट्यांनीही चाल बदलली. बटण तुमच्याकडूनच दाबून घ्यायचं! बिल किंवा कुरिअरची पावती म्हणून फाइल येते. उघडली की आत मजकूर धूसर, आणि त्यावर चित्र: ही फाइल जुन्या आवृत्तीत बनवली आहे, दिसण्यासाठी आधी 'एनेबल एडिटिंग' आणि मग 'एनेबल कंटेंट' दाबा. वाचण्यासाठी मॅक्रो लागतच नाही, श्रोतेहो. ज्या फाइलीच्या आतच ते बटण दाबायची सूचना लिहिलेली आहे, ती मी पुढे वाचत नाही, तिथल्या तिथे बंद करते. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली, त्या हल्ल्याची सुरुवातही वीजकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आलेल्या अशाच मॅक्रोवाल्या फाइलींपासून झाली होती.

मग काकांच्या नोटिशीत मॅक्रो आला कुठून? ती फाइल त्यांनी यंदा लिहिलेलीच नव्हती. गेल्या वर्षीची उघडायची, तारीख बदलायची, 'सेव्ह ॲज'. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. मूळ फाइल कधीकाळी एका टायपिंगवाल्याकडून आलेली, जुन्या 'डॉक' प्रकारातली, आणि जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा त्याचा मॅक्रो तिच्यात राहून गेलेला. जुनी 'डॉक' फाइल मॅक्रो पोटात घेऊन फिरते, बाहेरून काही कळत नाही. इतकी वर्षं पट्टी आली नाही, कारण जुन्या कॉम्प्युटरवर कुणीतरी 'सगळे मॅक्रो चालू' हा पर्याय निवडून ठेवला होता. काकांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि पट्टी दिसायला लागली. पट्टीचा त्रास नको म्हणून तो पर्याय निवडणारे मी खूप पाहिलेत. एका फाइलीसाठी ते सगळ्या फाइलींचं फाटक उघडं टाकतात.

मी काकांना ती फाइल 'डॉकएक्स' प्रकारात सेव्ह करायला सांगितलं. या प्रकारात स्वतःचा मॅक्रो राहू शकत नाही. वर्ड विचारतं, व्हीबी प्रोजेक्ट, म्हणजे तो मॅक्रोच, गळून जाईल, चालेल का? चालेल. 'डॉकएक्स' असूनही पट्टी आली, तर त्या फाइलीला जोडलेल्या टेम्प्लेटमध्ये मॅक्रो असू शकतो, आणि अशी फाइल अनोळखी असेल तर जास्तच जपावं.

२०२२पासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीत मॅक्रो असेल तर पट्टी लाल येते आणि तिच्यावर ते बटणच नसतं. विंडोज अशा फाइलीवर एक खूण करून ठेवतं, त्यावरून वर्डला कळतं. पण तीच फाइल पेनड्राइव्हवरून आली की ही खूण बहुधा पुसली जाते आणि लालऐवजी पुन्हा पिवळी पट्टी दिसते. आपल्याकडे अजून निम्मा कारभार पेनड्राइव्हवर चालतो, म्हणून सांगितलं. वर्डऐवजी लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना मॅक्रो थांबवण्याची सोय 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये, 'सिक्युरिटी'खाली सापडेल.

ऑफिसातून खरोखर मॅक्रोवाला फॉर्म आला असेल तर पाठवणाऱ्याला फोन करा, आणि नंबर मेलमधला नको, तुमच्या वहीतला घ्या. बटण चुकून दाबलं गेलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा, मग जाणकाराला दाखवा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लगेच लावा.

काकांची नोटीस त्याच दिवशी फळ्यावर लागली. सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली, पण त्यात मॅक्रोचा काही हात नव्हता. नमस्कार.