'प्लांटर'चे सुकाणू

१३ मे १८६२ रोजी, अमेरिकेतील यादवी युद्ध ऐन भरात असताना, चार्ल्सटनच्या धक्क्यावरून 'प्लांटर' ही वाफेवर चालणारी बोट पहाटे तीनच्या सुमारास हलली. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या लष्कराने ती कामाला लावली होती. तिच्या सुकाणूवर उभा होता तेवीस वर्षांचा रॉबर्ट स्मॉल्स, जो स्वतः गुलाम होता.

वयाच्या बाराव्या वर्षापासून स्मॉल्स चार्ल्सटनमध्ये मोलाने राबत होता आणि त्याच्या मजुरीचा बहुतेक वाटा मालकाच्या खिशात जात होता. पत्नी हॅना दुसऱ्याच मालकाची होती. तिच्या सुटकेसाठी ८०० डॉलर ठरले होते, पण तेवढी रक्कम साठेपर्यंत तिला किंवा मुलांना विकले जाणार नाही, याची हमी कोणीही देणार नव्हते. मात्र या राबण्यातूनच बंदरातील प्रत्येक प्रवाह, वाळूचा प्रत्येक दांडा आणि पाण्यात पेरलेल्या सुरुंगांच्या जागा त्याला पाठ झाल्या होत्या.

गोरे अधिकारी त्या रात्री नियम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले होते. खलाशांनी बॉयलर पेटवला आणि दुसऱ्या धक्क्यावर लपून थांबलेल्या बायका-मुलांना बोटीवर घेतले. पकडले गेलो तर बोटीसकट स्वतःला बुडवून घ्यायचे, हे आधीच ठरले होते. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी घातली, त्याच्यासारखाच पवित्रा घेतला आणि वाटेतील किल्ल्यांसमोर ठरलेल्या खुणेच्या शिट्ट्या दिल्या. सर्वांत अवघड होता फोर्ट समटर, कारण तोवर उजाडू लागले होते. परंतु तेथील पहारेकऱ्यांनीही बोट जाऊ दिली. तोफांचा पल्ला ओलांडताच दक्षिणेचे निशाण उतरले आणि त्याच्या जागी पांढरी चादर चढली. नाकेबंदी करणारे उत्तरेचे 'ऑनवर्ड' हे जहाज तोफा डागण्याच्या बेतात होते. ती चादर वेळेवर दिसली म्हणून सोळा जीव वाचले.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात यायला तेव्हा साडेसात महिने बाकी होते, हे मुद्दाम सांगायला हवे. स्मॉल्सने उत्तरेला तोफा दिल्या, सांकेतिक खुणांची वही दिली आणि त्याहून मोलाची अशी बंदराची माहिती दिली. ऑगस्टमध्ये तो वॉशिंग्टनला गेला आणि साउथ कॅरोलायनातील ५,००० कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची परवानगी घेऊन परतला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीयांनी उत्तरेच्या सैन्यात बंदूक धरली, आणि त्यांतील बहुसंख्य कालपर्यंत गुलाम होते.

तेथेही त्यांना झगडावेच लागले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. यांना १०, आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापले जात. गुलामगिरीतून सुटून आलेला सार्जंट विल्यम वॉकर याने आपल्या तुकडीसह शस्त्रे खाली ठेवून या अन्यायाचा निषेध केला. त्यावर बंडाचा आरोप ठेवून फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. समान वेतनाचा कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच वर्षी जूनमध्ये केला.