आकाशातल्या नव्या कल्पनेची परीक्षा

मंडळी, नमस्कार. आपल्या इंदूरच्या बिजासन टेकडीवरून विमाने उतरताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. विमान दिसते, त्याला कोणत्या उंचीवर, कोणाच्या मागे, किती अंतर ठेवून आणायचे हे ठरवणारा कंट्रोलर मात्र दिसत नाही. त्याच्या कामाची रीत बदलायची झाली, तर नवी रीत चालेल की नाही हे ती लागू करण्याआधी कसे कळणार? आज एवढ्याच प्रश्नावर बोलायचे आहे. माझी सगळी नोकरी याच कामात गेली आणि या प्रश्नाइतके मन दुसऱ्या कशात गुंतले नाही.

हजार फुटांपासून सुरुवात करतो. २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत पूर्वी २,००० फुटांचे उभे अंतर ठेवत. विमानातला उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो. वर हवा विरळ असते, त्यामुळे दाब मोजण्यातली तेवढीच चूक तिथे जास्त फुटांची होते. पुढे उपकरणे सुधारली आणि २९,००० ते ४१,००० या पट्ट्यात १,००० फूट पुरतील का, असा प्रश्न आला. पुरले तर सहा नव्या पातळ्या मिळणार होत्या, आणि त्याही जेट विमानांना कमी इंधनात उडता येते नेमक्या त्या पट्ट्यात. फायदा कोणालाही समजेल असा होता. सुरक्षेचे काय?

उभे अंतर हरवल्यामुळे होणारे प्राणघातक अपघात एक अब्ज उड्डाण-तासांत पाचापेक्षा कमी असावेत, अशी मर्यादा ठरली होती. म्हणजे वीस कोटी तासांना एक. एकच विमान अखंड उडत ठेवले तर तेवढे तास भरायला सुमारे २२,८०० वर्षे लागतील. तेव्हा 'काही महिने उडवून पाहू, काही झाले नाही तर चालू ठेवू' हा मार्ग इथे बंद होता. काही महिन्यांत अपघात झाला नाही, यावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

मग अपघात मोजायचे सोडून विमाने प्रत्यक्षात उंची किती नेमकी राखतात, ते मोजले. जमिनीवर उंची टिपणारी केंद्रे उभारली, काही विमानांत जीपीएसची मोजयंत्रे नेली. त्या हजारो नोंदींवरून चुकांचा पसारा काढला आणि तो धडकेच्या गणितात घातला. या गणिताचा पाया ब्रिटनमध्ये रीश या संशोधकांनी १९६०च्या दशकातच घातला होता. उत्तर अटलांटिकवर मार्च १९९७ मध्ये नवे अंतर लागू झाले, युरोपात २४ जानेवारी २००२ ला, आपल्याकडे २७ नोव्हेंबर २००३ ला. तपासणी तिथे थांबली नाही. आपल्या भागातल्या विमानांच्या उंचीच्या नोंदी बँकॉकची संस्था आजही तपासते. त्या नोंदींतून पुढे आलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ठरलेल्या उंचीपासून मोठी फारकत होण्याच्या अनेक घटनांत उंचीमापकाचा दोष नसतोच. एका नियंत्रण केंद्राने विमान दुसऱ्याच्या हवाली करताना उंची कळवायची राहते, किंवा चुकीची कळवली जाते. यंत्राची परीक्षा चोख झाली होती. धोका दोन माणसांमधल्या टेलिफोनवर होता.

म्हणून नव्या पद्धतीला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ठरवल्याप्रमाणे बांधले का, हा एक. जे ठरवले तेच हवे होते का, हा दुसरा. पहिल्याला अभियंता उत्तर देऊ शकतो. दुसऱ्यासाठी कंट्रोलर, वैमानिक, विमान कंपनी, विमानतळाजवळ राहणारा माणूस, सगळेच लागतात. युरोपात युरोकंट्रोल या हवाई वाहतुकीच्या संस्थेने यासाठी शिस्त बांधून दिली. गरज ओळखण्यापासून पद्धत निवृत्त करण्यापर्यंत शून्य ते सात अशा पायऱ्या, आणि खरी कसोटी एक ते तीन या पायऱ्यांत: कल्पनेची व्याप्ती, तिची शक्यता, मग प्रत्यक्ष उभारणीआधीची पूर्ण तालीम. सुरक्षा, माणसाची कुवत, पर्यावरण आणि खर्च यांचे पुरावे वेगवेगळे मांडायचे. मला या शिस्तीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की प्रत्येक पायरीवर 'इथेच थांबा' म्हणायला जागा ठेवलेली आहे.

सुरुवात संगणकाने करतात. दिवसभराची वाहतूक काही मिनिटांत धावते, शंभर पर्याय पाहता येतात. यात कंट्रोलर म्हणजे कामांची यादी असते: अमुक सूचनेला इतके सेकंद, अमुक टेलिफोनला इतके. युरोपात प्रचलित असलेल्या एका हिशेबात तासातली ४२ मिनिटे, म्हणजे ७० टक्के वेळ, भरली की सेक्टर, म्हणजे कंट्रोलरकडे सोपवलेला आकाशाचा तुकडा, ओसंडला असे धरतात. चाळणी म्हणून हे उत्तम. पण या यादीतला कंट्रोलर कधी बुचकळ्यात पडत नाही, दोन मिळत्याजुळत्या कॉलसाइनमध्ये, म्हणजे रेडिओवर विमानांना हाक मारायच्या नावांमध्ये, त्याची गल्लत होत नाही.

त्यासाठी खरी माणसे बसवावी लागतात. सिम्युलेटरच्या खोलीत परवानाधारक कंट्रोलर, पलीकडच्या खोलीत वैमानिकांच्या भूमिकेत स्यूडो पायलट. आधी जुन्या पद्धतीने वाहतूक चालवायची, मग नव्या. इथेच फसगत होते. तीच वाहतूक दुसऱ्यांदा आली तर कंट्रोलरला ती आठवते, आणि श्रेय नव्या पद्धतीला जाते. म्हणून कॉलसाइन बदलतात, क्रम उलटा करतात, अर्ध्या गटाला आधी नवी पद्धत देतात. कामाचा ताण मोजायला दर काही मिनिटांनी समोर पाच बटणे उजळतात: एक म्हणजे रिकामा, पाच म्हणजे पार बुडालो. चाचणी संपल्यावर नासाची सहा मापांची प्रश्नावली. कधी पडदा मध्येच काळा करून विचारतात, आत्ता कोणते विमान कुठे होते?

आकड्यांइतकेच लक्ष बटण दाबायला लागलेल्या वेळाकडे द्यावे, असे मी तरुणांना सांगत आलो. माणूस खरोखर बुडालेला असतो तेव्हा बटण दाबायचेच राहते. कोरी राहिलेली ती नोंद पाचपेक्षा गंभीर असते. दुसरे असे, की कंट्रोलर हा निभावून नेणारा माणूस. वाईट पद्धतही तो आपल्या कौशल्याने चालवून दाखवतो आणि निकाल चांगला दिसतो. त्याने ती कशाच्या जोरावर चालवली, हे चाचणीनंतर त्याच्याशेजारी बसून विचारलेच पाहिजे.

आणि सगळे सुरळीत असतानाची परीक्षा ही अर्धीच परीक्षा. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनवर दोन विमाने धडकली, ७१ जीव गेले. त्यातल्या टुपोलेव्ह विमानातले धडकरोधक यंत्र 'वर जा' सांगत होते, कंट्रोलर 'खाली या' सांगत होता. दुसऱ्या विमानाला त्याच्या यंत्राने खाली यायला सांगितले होते. दोन्ही विमाने खाली आली. कंट्रोलर एकटा दोन जागा सांभाळत होता आणि टेलिफोनच्या मुख्य वाहिन्या देखभालीसाठी बंद होत्या. यातली एकेक गोष्ट सुटी तपासली असती तर त्या रात्रीचा अंदाज आला नसता. बिघाड, दुरुस्ती आणि अपुरी माणसे एकत्र आणून नवी कल्पना चालवून पाहावी लागते.

ज्या कल्पना टिकल्या त्यांच्यात साधेपणा दिसतो. पॅरिसजवळ ब्रेतिन्यीच्या प्रयोगकेंद्रात २००६ मध्ये 'पॉइंट मर्ज' आकाराला आले. उतरायला येणारी विमाने एका बिंदूपासून समान अंतर राखणाऱ्या कमानींवर येतात; पुढच्याशी अंतर पुरेसे झाले की कंट्रोलर एवढेच सांगतो, थेट बिंदूकडे. २०११ मध्ये ऑस्लोला ते प्रथम प्रत्यक्षात आले.

आता आपल्या गावाकडे. अशी पद्धत उद्या इंदूरसाठी सुचली, तर युरोपातल्या चाचणीचा निकाल उचलून आणणे मला मान्य होणार नाही. तिथल्या नमुन्यात आपला जून नाही. माझ्या हाती असते तर मी परीक्षा अशी लावली असती. एकच धावपट्टी. माळव्यावर चढून येणारे ढग, आणि ते टाळण्यासाठी कमान सोडून वळण मागणारे निम्मे वैमानिक. वाऱ्याने ऐन वेळी धावपट्टीची दिशा बदललेली. भोपाळहून आलेले एक विमान, ज्याची बदललेली उंची कळवायची राहिली आहे. खुर्चीवर अनुभवी माणसाशेजारी परवाना नुकताच मिळालेली मुलगीही. आणि पहिली फेरी सुरू होण्याआधी कागदावर लिहून, सह्या करून ठेवायचे: अंतर किती वेळा मोडले, किती बटणे कोरी राहिली, तर ही कल्पना आपण परत पाठवणार. निकाल पाहिल्यानंतर त्या कागदातला एकही आकडा बदलायचा नाही.