बैकाल: तळ खचत राहिलेलं सरोवर

[दृश्य: गोठलेलं सरोवर, बर्फातल्या निळसर भेगा]

कळसूबाई उचलून बैकालच्या तळाशी ठेवली, तर शिखराचा चारेक मीटरचा तुकडाच पाण्याबाहेर डोकावेल. खोली १६४२ मीटर! जगातलं हे सर्वांत खोल सरोवर रशियात आहे, दक्षिण सायबेरियात.

[नकाशा]

लांबी ६३६ किलोमीटर, रुंदी मात्र फार तर ८०. नकाशात जमिनीला तडा गेल्यासारखं दिसतं ना? तडाच आहे तो. इथे भूकवच दोन्हीकडून ताणलं जातंय आणि मधला भाग खाली बसतोय. भूगोलाच्या पुस्तकातली खचदरी ती हीच. अडीच-तीन कोटी वर्षं हे चालू आहे. आजही दरवर्षी काही मिलिमीटरने ती रुंदावते.

हा ताण येतो कुठून? भारतीय भूखंड आशियावर आदळला, हिमालय उभा राहिला आणि त्याच रेट्याने इथली जमीन फाटली, असं काही भूवैज्ञानिक मानतात. काहींच्या मते कारण थेट खाली, भूकवचाखालच्या थरात, म्हणजे प्रावरणात आहे. वाद मिटलेला नाही.

[दृश्य: सेलेंगा नदीचा त्रिभुज प्रदेश]

एरवी सरोवरं गाळाने बुजतात, काही हजार वर्षांतसुद्धा. बैकालमध्ये तर तीनशेहून जास्त नद्या येऊन मिळतात. मंगोलियातून येणारी सेलेंगा एकटीच जवळपास निम्मं पाणी आणते. काही ठिकाणी तळाशी सात किलोमीटर जाडीचा गाळ आहे. तरीही सरोवर भरत नाही, कारण गाळ साचतो त्याहून तळ जास्त खचत आलाय.

हे खचणं लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलंय. जानेवारी १८६२ मध्ये भूकंप झाला आणि सेलेंगाच्या मुखाजवळचा सुमारे २०० चौरस किलोमीटर गवताळ प्रदेश खाली बसला. बुर्यात लोकांच्या वस्त्या, कुरणं, सगळ्यावर पाणी आलं. आज तिथे प्रोवालचा उपसागर आहे.

[दृश्य: अंगाराचं मुख, हिवाळा]

बाहेर पडणारी नदी एकच, अंगारा. पुढे ती येनिसेईला मिळते आणि पाणी आर्क्टिककडे जातं. सरोवरावर मीटरभर जाडीचा बर्फ असतानाही हे मुख गोठत नाही. आजूबाजूला सगळं पांढरं आणि इथे बदकं मजेत पोहतायत! याच नदीवर १९५० च्या दशकात इर्कुत्स्कजवळ धरण झालं, आणि वरच्या अख्ख्या बैकालची पातळी साधारण एक मीटरने चढली.