दोन मिलिमीटरचं छिद्र आणि मनुक्यांची दारू

(दृश्य: रात्रीच्या पृथ्वीवरून सरकणारं अवकाशस्थानक)

ऑगस्ट 2018 ची अखेर. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात सहा जण गाढ झोपलेत. खाली नियंत्रण कक्षात हवेच्या दाबाचा आकडा हळूहळू उतरतोय. लगेच जिवाला धोका नाही, म्हणून त्यांना झोपू दिलं जातं. सकाळी शोधाशोध होते आणि स्थानकाला जोडलेल्या सोयूझ या रशियन यानाच्या भिंतीत छिद्र सापडतं. जेमतेम दोन मिलिमीटरचं. एक अंतराळवीर त्यावर चक्क बोट दाबून धरतो. मग चिकटपट्टी येते, मग इपॉक्सीत, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या डिंकात, भिजवलेलं कापड.

आधी वाटलं, उल्केचा कण लागला असेल. पण छिद्र आतून पाडल्यासारखं दिसत होतं. रशियाच्या अवकाश संस्थेच्या प्रमुखांनी तर जाहीर सांगितलं, हे ड्रिलचं काम आहे आणि ड्रिल धरणारा हात थरथरत होता.

बंद घर, आत सहा माणसं, बाहेर पोकळी. संशयिताला पळायला जागा नाही, आणि पोलिसांना यायला वाट नाही.

(दृश्य: जेमिनी यानाची अरुंद कुपी)

अवकाशातल्या गुन्ह्यांची गोष्ट म्हटली की टोळ्या, तस्करी, बंदुका डोळ्यांसमोर येतात. तस्करी खरंच झालीय. 23 मार्च 1965 रोजी जेमिनी 3 या अमेरिकन यानात अंतराळवीर जॉन यंग यांनी पोशाखाच्या खिशातून मांसाचं सँडविच काढून सहकाऱ्यापुढे धरलं. एक घास घेतला आणि पावाचा चुरा तरंगायला लागला. सँडविच पुन्हा खिशात गेलं. पण प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोहोचलं, खासदारांनी जाब विचारला. मला हा किस्सा फार आवडतो, कारण हसू येतं तिथेच धोकाही आहे. तो चुरा उपकरणात शिरला असता तर?

अवकाशातली वसाहत कशी असेल, हे सगळ्यात चांगलं दाखवणारी घटना मात्र पृथ्वीवरचीच आहे.

(दृश्य: आर्क्टिक महासागर, बर्फाचा अफाट तुकडा)

टी-3 नावाचं हे हिमबेट कुठल्याच देशाचं नव्हतं, समुद्रात वाहत होतं. त्यावर अमेरिकेचं संशोधन केंद्र होतं. पोलीस नाहीत, दवाखाना नाही. जुलै 1970 मध्ये तिथे भांडण पेटलं. कशावरून? मनुक्यांपासून घरीच बनवलेल्या दारूचं भांडं कुणीतरी पळवलं यावरून. बंदूक बाहेर निघाली. ती सदोष होती, धक्क्यानेही उडायची. गोळी सुटली आणि एक माणूस गेला.

खटला अमेरिकेत चालला. पण वाहत्या बर्फावर आपला कायदा चालतो का, या प्रश्नावर अपील न्यायालयाच्या न्यायाधीशांची मतं समसमान विभागली. जगापासून तुटलेल्या त्या जागेची परिस्थिती ज्युरीने विचारात घ्यायला हवी होती, असं सांगून न्यायालयाने शिक्षा रद्द केली. फेरसुनावणीत आरोपी सुटला.

एका भांड्यापायी! अवकाशातल्या वसाहतीत असंच होईल, अशी माझी खात्री आहे. पहिला गुन्हा साम्राज्यासाठी घडणार नाही. कुणाच्या तरी वाटणीचं पाणी, कुणाची तरी झोप, कुणाचा तरी डबा, यावरून घडेल.

मग कायदा कुणाचा? 1967 चा बाह्य अवकाश करार सांगतो, चंद्रावर किंवा कुठल्याही ग्रहावर कुणा देशाची मालकी नाही, आणि यान ज्या देशात नोंदवलंय त्याचाच त्यावर अधिकार. अवकाशस्थानकासाठी 1998 चा करार आहे, त्यात प्रत्येक देश आपल्या नागरिकावर खटला चालवू शकतो. दुसऱ्या देशाच्या माणसाच्या जिवाला धोका झाला, तर आधी देशादेशांत चर्चा. आरोपीचा देश 90 दिवसांत खटल्याची हमी देत नसेल, तर पीडिताचा देश पुढे येऊ शकतो. कॅनडाने 2022 मध्ये आपला फौजदारी कायदा आपल्या अंतराळवीरांच्या मागे चंद्रापर्यंत नेला.

स्थानकावर हे चालून जातं, कारण आरोपी कधीतरी घरी परततो. मंगळावर जन्मलेल्या मुलाचं घर कुठलं? तिथून मारलेली हाक पृथ्वीवर पोहोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. तेवढ्यात हवेची झडप बंद करून कुणीही अख्खी वसाहत ओलीस धरू शकतो. म्हणून पहिल्या घुमटाची पहिली वीट रचण्याआधी तिथला न्यायाधीश, तिथला तुरुंग आणि झडपेची किल्ली कुणाकडे, हे ठरायला हवं.

(दृश्य: यानाबाहेर लोंबकळणारे दोन अंतराळवीर)

11 डिसेंबर 2018. दोन रशियन अंतराळवीर बाहेर पडले. चाकू आणि कात्रीने त्यांनी यानाचं बाहेरचं आवरण कापलं, छिद्राभोवतीचे नमुने गोळा केले. जवळपास आठ तास. त्यांच्यातला एक जण याच यानातून परतणार होता.

नमुने पृथ्वीवर आले. छिद्र असलेला भाग मात्र परतीच्या वाटेवर, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, यानापासून सुटा झाला आणि वातावरणात जळून गेला. ड्रिल कुणी धरलं होतं, हे आजवर जाहीर झालेलं नाही.