पहिल्या पानावरचा खुनी

श्रोतेहो, नमस्कार.

आत्ता माझ्यासमोर टेबलावर एक पुस्तक आहे. तुम्हाला दिसत नाही, म्हणून वर्णन करतो. सदऱ्याच्या खिशात कोंबता येईल एवढंच आहे. मुखपृष्ठ गेलंय, मलपृष्ठही गेलंय. पानांना चहाचा रंग आलाय आणि पान उलटलं की कडेचा चुरा खाली पडतो. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा, लांबट गोल शिक्का आहे. शिक्क्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘खुनी वकील आहे.’ आणि त्याच्याखाली दुसऱ्याच अक्षरात, चांगलं दोनदा गिरवून, ‘खोटं!’

यातलं खरं काय, ते शेवटच्या पानांवर असणार. आणि शेवटची चार पानं नाहीत.

पुस्तक बाबूराव अर्नाळकरांचं. साठी ओलांडलेल्या श्रोत्यांना एवढं नाव पुरे, त्यांच्यापुढे लगेच कुणीतरी गच्चीवरून उडी टाकली असेल. तरुण मंडळींसाठी सांगतो. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६चा, आणि गेले ते १९९६ साली. लेखनासाठी घेतलेल्या नावात विरारजवळचं अर्नाळा आहे, समुद्रातल्या किल्ल्याचं. रहस्यकथा लिहिल्या हजाराहून जास्त. गिनीज बुकातल्या नोंदीचा उल्लेख त्यांच्या नावामागे हटकून येतो, पण नोंद बाजूला ठेवा आणि नुसता हिशेब करा. लिहिण्याची चाळीस वर्षं धरली तरी दर महिन्याला दोन पुस्तकं पडतात. आपल्याकडून महिन्याला दोन पत्रं लिहून होत नाहीत.

आणि माणसं किती उभी केली! धनंजय हा खाजगी गुप्तहेर, त्याच्या जोडीला छोटू. झुंजार, आणि झुंजारची विजया. काळा पहाड. यातले झुंजार आणि काळा पहाड तसे कायद्याच्या पलीकडचे. पण लुबाडायचे ते लबाडाला, म्हणून वाचणाऱ्याचं मन त्यांच्याच बाजूनं. इंग्रजी रहस्यकथांची सावली या सगळ्यांवर आहे, हे जाणकार सांगतात आणि ते खरंही आहे. माझं म्हणणं एवढंच की ती सावली गिरगावातल्या जिन्यावर पडली की मराठी व्हायची. पात्रं ‘आपण’, ‘तुम्ही’ करत सभ्यपणे बोलायची आणि पुढच्या ओळीत पिस्तूल काढायची.

मी लहानपणी कल्याणला होतो. दोन खोल्यांचं घर, आणि घरात आई-वडील, आम्ही तिघं भावंडं आणि आत्या. आत्या तेव्हा शिकत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांनी घराच्या ओट्यावर लायब्ररी काढली होती. कपाट एकच, पुढे टेबल, टेबलावर वही. अनामत दोन रुपये आणि पुस्तकाचं भाडं रोजचं. रोजचं, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी परत गेलं नाही की पुन्हा पैसे. त्यामुळे पुस्तक सकाळी घरात आलं की त्याला झोप नसायची. सकाळी आत्या कॉलेजला जाताना रेल्वेत वाचणार. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की आई. चार वाजता शेजारच्या काकू, त्यांच्याकडून संध्याकाळी त्यांचा मुलगा. रात्री जेवणं झाल्यावर वडील, ‘काय हा कचरा वाचता’ असं म्हणत म्हणत, बाराच्या पुढेपर्यंत. भाडं एका घराचं आणि वाचणारी पाच माणसं. लायब्ररीवाल्यांना हे ठाऊक असणार, त्यांच्या नजरेत ते दिसायचं.

अर्नाळकर जमवायला लागल्यावर जी गोष्ट माझ्या ध्यानात आली, तिचं मूळ या ओट्यावर आहे. जुनी पुस्तकं जमवणारे लोक तुम्हाला सांगतील की जे पुस्तक थोडं छापलं, ते दुर्मीळ. अर्नाळकरांचं उलट आहे. ज्या पुस्तकावर लोकांच्या उड्या पडल्या, तेच आज मिळत नाही. पाच-पाच हातांतून रोज जाणाऱ्या पुस्तकाचं काय होतं? आधी मलपृष्ठ सैल होतं. ते असतं खळीनं चिकटवलेलं, त्यामुळे निघताना शेवटचं पान सोबत घेऊन जातं. मग पिना गंजतात, गंज कागदाला खातो, आणि पिनेभोवतीचा कागद पापडासारखा तुटतो. कागद मुळात हलका, वर्तमानपत्राच्या जातीचा. तो उजेडानं पिवळा पडतो आणि नुसता ठेवला तरी वर्षागणिक ठिसूळ होत जातो. वाचणारे कंटाळून गेले असते तर ही पुस्तकं कपाटात कोरी करकरीत सापडली असती. कवितासंग्रह सापडतात तसे. (कवींनी रागावू नये, मीही एक काढला होता. त्याच्या प्रती अजून उत्तम स्थितीत आहेत.)

त्यात बाइंडर. वाचनालयांना ही पातळ पुस्तकं उभी ठेवता येईनात. मग चार-पाच एकत्र शिवून, वर जाड पुठ्ठा आणि खाकी कागद लावून त्यांचा एक खंड करायचे. पुस्तकं टिकली, पण शिवताना बाइंडर मुखपृष्ठं काढून टाकायचा. बाइंडरचा दोष नाही, त्याला पाठ सपाट हवी. पण ती मुखपृष्ठं कुणाची होती? कितीएक रघुवीर मुळगावकरांची. गोव्यात १९१८ साली जन्मलेला आणि १९७६ साली गेलेला हा चित्रकार. घरोघरच्या कॅलेंडरांवरचे तेजःपुंज राम-कृष्ण त्यांचे, आणि अर्नाळकरांच्या पुस्तकांवरचे झुंजार, काळा पहाडही त्यांचेच. आमच्या देवघरातल्या लक्ष्मीचे आणि रहस्यकथेवरच्या संकटात सापडलेल्या नायिकेचे डोळे सारखे का, हे कोडं मला फार उशिरा सुटलं.

यामुळे अर्नाळकर जमवणाऱ्यांच्या दोन जाती झाल्या आहेत. एकांना मुखपृष्ठ हवं, आतली कथा फाटकी असली तरी चालते. दुसऱ्यांना कथा हवी. मी दुसऱ्यातला. पहिल्या जातीचे लोक पैसेवाले असतात, असं माझं निरीक्षण आहे. चित्राला भाव आला आहे, कथेला नाही.

आता मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक विकत घेताना अडचण कोणती? नाव कळत नाही. नावाचं आतलं पानही बहुधा गेलेलं. मुंबईत हुतात्मा चौकाच्या पदपथावर, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बागेजवळ, नाही तर कुठल्याही रद्दीच्या दुकानात खाली उकिडवं बसून असा एखादा गठ्ठा उचलावा, तर आतलं पुस्तक आपल्याकडे आहे की नाही, कळायचं कसं? सुरुवातीला मी एकच पुस्तक तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा घरी आणलं तेव्हा बायको म्हणाली, ‘याच्यात खून होईपर्यंत तरी वाचून पाहायचं होतं दुकानात.’

तेव्हापासून मी एक वही केली. शंभर पानी, रेघी. तिच्यात प्रत्येक पुस्तकाचं पहिलं वाक्य उतरवून ठेवतो, पहिलं पान गेलं असेल तर जे पहिलं शाबूत वाक्य असेल ते, आणि पुढे पान क्रमांक. नाव कळलं तर नाव, नाहीतर जागा कोरी. वही खिशात असते. रद्दीवाल्यासमोर मी पहिलं वाक्य वाचतो, वहीत बोट फिरवतो, आणि मग भाव विचारतो. एक रद्दीवाला मला बरीच वर्षं इन्कमटॅक्सचा माणूस समजत होता.

या वहीत आजपर्यंत दोनशे सोळा वाक्यं झाली आहेत. हजाराच्या मानानं दोनशे सोळा म्हणजे काही नाही, हे मला कळतं. पण मालिकेतल्या सगळ्या कड्या जुळवायच्या हा नाद मी सोडून दिलाय. जमवणाऱ्याला यादी लागते, आणि अर्नाळकरांची यादी जुळवायची तर पुस्तकांच्या मलपृष्ठावरच्या जाहिरातींमधून. आणि मलपृष्ठाचं काय होतं, ते मघाशी सांगितलंच.

तुम्ही म्हणाल, सरकारी ग्रंथालयात का नाही जात? कायदा आहे. १९५४चा. प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला धाडायची, मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला धाडायची. उत्तम कायदा आहे. पण तो व्हायच्या आधी छापलेल्या पुस्तकांना तो लागू नाही. आणि नंतरचंही, शंभर पानांची रहस्यकथा, जी चार महिन्यांत फाटून जाणार हे छापणाऱ्यालाच ठाऊक, ती कोलकात्याला पोस्टानं धाडायला किती जण उठले असतील, याबद्दल मला शंका आहे. तिला वाङ्मय कुणी म्हणत नव्हतं. आमचे वडीलसुद्धा नाही, आणि त्यांनी तर निदान पाचशे वाचली असतील.

हल्ली निवडक कथा नव्यानं छापून आल्या आहेत. पांढरा कागद, मोठा टाइप, माझ्यासारख्यांच्या डोळ्यांना सोयीचं. मी घेतल्या आणि वाचल्या. पण नव्या प्रतीत पेन्सिल नसते. जुन्या प्रतींत वाचणारे बसलेले असतात. एकानं कोपऱ्यात दुधाचा हिशेब केलाय. एकीनं नायिकेच्या प्रत्येक निर्णयापुढे ‘मूर्ख’ लिहिलंय, आठ ठिकाणी. एका पुस्तकात लोकलचं तिकीट सापडलं, तिसऱ्या वर्गाचं, पुठ्ठ्याचं, बरोबर त्या पानात जिथे दिवा विझतो. त्या माणसाचं स्टेशन आलं असणार. पुढचं त्यानं वाचलं की नाही, कोण जाणे.

आणि माझं हे टेबलावरचं पुस्तक. ते मला मिळालं ते सांगतो. ओट्यावरची ती लायब्ररी पुढे बंद पडली. पुस्तकं रद्दीत किलोवर गेली, आणि मला खबर लागेपर्यंत त्यातलं निम्मं पुड्या बांधायला गेलेलं. उरलेल्यातून मी एक पिशवीभर उचललं. शिक्का ओळखीचा होता, म्हणून बाकी काही न बघता घेतलं. घरी येऊन वाचायला बसलो, आणि ऐन रंगात, धनंजय सगळ्यांना एका खोलीत बोलावतो, दार लावतो, म्हणतो, ‘या खोलीतून खुनी बाहेर जाणार नाही,’ आणि पान संपतं. पुढे गंजलेल्या पिनेचं भोक.

अकरा वर्षं मी त्याची दुसरी प्रत शोधतोय. एक मिळाली होती. खाकी पुठ्ठ्याच्या खंडात, पाचातलं शेवटचं पुस्तक. पहिलं वाक्य वहीशी जुळलं तेव्हा मी तिथेच पदपथावर बसलो. खंडाचा पुठ्ठा मागून उखडलेला होता, आणि तो उखडताना काय घेऊन गेला असेल, ते तुम्हाला आता सांगायला नको. या प्रतीत गेली होती सहा पानं. म्हणजे मी दोन पानं मागेच आलो.

मागच्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो. आत्या आता सत्याऐंशीची आहे. नजर अधू झाली आहे, पण भिंग घेऊन अजून रोज वर्तमानपत्र वाचते, आणि बातम्यांतले चोर किती बावळट असतात यावर बोलते. तिला गंमत म्हणून हे पुस्तक दाखवलं. तिनं आधी शिक्क्यावर बोट फिरवलं, मग भिंग खाली सरकवलं, आणि हसायलाच लागली.

‘अरे, हे तुझ्या बापाचं अक्षर,’ म्हणाली. ‘खुनी वकील आहे. मी वाचायच्या आधी मुद्दाम लिहून ठेवलं होतं त्यानं, माझा रस घालवायला. रेल्वेत उघडलं आणि पहिल्याच पानावर हे! अशी चिडले होते.’

‘आणि खालचं?’

‘खालचं माझं. वाचून झाल्यावर लिहिलं. तो शेवटपर्यंत न वाचताच लिहून मोकळा झाला होता. कायमचा उतावळा.’

मी पुढे सरकलो. म्हटलं, ‘मग आत्या, खुनी कोण होता?’

आत्यानं भिंग पुसलं, पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं.

‘ते आता कुठलं आठवायला,’ म्हणाली. ‘पण वकील नव्हता.’